पहिला हात

मत्स्यव्यवसाय खात्याच्या दप्तरी १ जून ते ३१ जुलै हा काळ मासेमारीबंदीचा म्हणून नोंदलेला असला, आणि किनाऱ्यापासून दूर राहणारा वाचक त्याचा अर्थ सक्तीची विश्रांती असा सहज करून घेत असला, तरी रत्नागिरीतील मिरकरवाड्याच्या बंदरात वर्षातले एक अत्यंत जोखमीचे काम याच ६१ दिवसांत उरकावयाचे असते. ते काम म्हणजे नौकेला रंग देणे. रत्नदुर्गाच्या आडोशाला वसलेल्या या बंदरात, जागा मिळेल तेथे ओढून ठेवलेल्या नौकांच्या ताडपत्रीखाली आणि झावळ्यांच्या शाकारणीखाली, हाती ब्रश घेऊन ओणवी झालेली माणसे या दिवसांत दिसतात. त्यांत रोजंदारीवरचे रंगारी असतात, खलाशी असतात, आणि पुष्कळदा स्वतः नाखवाही असतो. हे काम हाताने होते, आणि ते हातानेच व्हावे असे माझे मत आहे. परंतु ज्या परिस्थितीत ते आज होते ती पालटली पाहिजे, हेही माझे तितकेच ठाम मत आहे, आणि या दोन्ही मतांची कारणे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

रंग म्हटला की मनात प्रथम शोभा येते. नाळेवरचा लाल-पिवळा पट्टा, केबिनच्या कडेने ओढलेली निळी रेघ, देवनागरीत, उर्दूत वा इंग्रजीत कोरून काढल्यासारखे लिहिलेले नौकेचे नाव, हे सारे डोळ्यांत भरते आणि भरावे. पण नौकेच्या आयुष्याची दोरी या दिसणाऱ्या रंगाच्या हाती नसून, पाण्याखाली जाणाऱ्या बुडाच्या, इंजिनाच्या बैठकीखालच्या, सुकाणूच्या बिजागरीमागच्या आणि विंचच्या पायाखालच्या त्या न दिसणाऱ्या लेपाच्या हाती असते. खारे पाणी हे विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे लोखंडाला गंज चढविण्याची क्रिया त्यात गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी त्वरेने होते. सागवानाच्या वा ऐनाच्या फळीला दुसरेच भय असते. दिसावयास किड्यासारखा, परंतु जातीने शिंपल्याच्या कुळातला असा एक जीव बारीक छिद्रातून आत शिरतो आणि बाहेरची कातडी शाबूत ठेवून आतले लाकूड पोखरून टाकतो. शिवाय बुडाला बार्नकल आणि शेवाळ चिकटले, की नौकेचा पाण्याशी होणारा विरोध वाढतो आणि तेवढेच अंतर कापावयास अधिक डिझेल जळते. म्हणजे रंगाची एक चीर लाकडाला, लोखंडाला आणि खिशाला एकाच वेळी भोवते. फायबरच्या नौका आल्यापासून किड्याची चिंता काहीशी कमी झाली हे खरे. परंतु पंख्याचा दांडा, सुकाणू आणि इंजिन ही लोखंडाचीच राहिली, आणि बार्नकलला लाकूड आणि फायबर यांत फरक करण्याचे कारण नसते.

जुन्या काळी यावर माशाच्या तेलाचा हात देत. बुडाला चुना आणि चरबी यांचा लेप चढवीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज आरमाराने जहाजांच्या बुडांना तांब्याचे पत्रे ठोकण्यास आरंभ केला, कारण तांब्याचा अंश पाण्यात हळूहळू विरघळत राहिला की जीव चिकटत नाहीत असा अनुभव आला होता. आज नौकेच्या बुडाला जो तळरंग देतात, त्यातले तांब्याचे ऑक्साइड तेच कार्य करते. तत्त्व तेच राहिले आणि पत्र्याची जागा डब्याने घेतली एवढेच.

आता प्रत्यक्ष काम कसे होते ते जवळून पाहावे. पहिले दिवस रंगाचे नसतातच. ते खरवडण्याचे असतात. पात्याने जुना फुगलेला रंग आणि बार्नकलची खडी उतरवावयाची, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावयाचे, वायर ब्रशाने गंज घासून लोखंडाचा राखी रंग दिसेपर्यंत थांबावयाचे नाही, फळ्यांच्या सांध्यांतले सैल झालेले भरण काढून नवे भरावयाचे, लांबी लावून ती सुकू द्यावयाची, मग पॉलिश पेपरने सपाट करून फडक्याने पुसावयाचे. अनुभवी रंगारी या टप्प्यावर हाताचा पंजा उलटा करून फळीवरून फिरवितो, कारण बोटांच्या टोकांपेक्षा पंजाच्या पाठीला ओल आधी कळते. त्यानंतर पहिला हात. या पहिल्या हातासाठी तो नवा, लांब केसांचा ब्रश घेत नाही. झिजून आखूड आणि ताठ झालेला जुना ब्रश त्याने मुद्दाम राखून ठेवलेला असतो, आणि तो ब्रश सांध्यात, खिळ्याच्या माथ्याभोवती, वेल्डिंगच्या खडबडीत रेघेवर टोकाने दाबून फिरवीत तो रंग अक्षरशः आत घुसळतो. सपाट भागाची पाळी त्यानंतर येते. तेथे आधी आडवा हात, मग त्यावरून हलका उभा हात, आणि प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच तिला मिळवावयाचा. ती कड सुकली की जोड दिसतो, आणि जेथे जोड दिसतो तेथे एक ना एक दिवस पाणी वाट शोधते. नवा, मऊ ब्रश शेवटच्या हाताला.

या सर्व खटाटोपाऐवजी फवाऱ्याच्या यंत्राने अर्ध्या दिवसात नौका रंगवून मोकळे का होऊ नये, असा प्रश्न सुशिक्षित माणूस सहज विचारतो, आणि प्रश्नात तथ्य नाही असे नाही. मोठ्या सपाट पृष्ठभागावर फवारा एकसारखा थर देतो, वेळ वाचवितो, आणि मोठ्या गोद्यांत त्याचाच अंमल आहे. परंतु त्याच मोठ्या गोद्यांचा नियम काय सांगतो ते पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ च्या डिसेंबरात, समुद्राचे पाणी साठविणाऱ्या जहाजांच्या टाक्यांवरील लेपासाठी जे मानक मंजूर केले, त्यात फवाऱ्याच्या दोन थरांबरोबरच कडा आणि वेल्डिंगच्या रेघा यांवर हाताने पट्टेवारी रंगाचे किमान दोन थर देण्याची अट घातलेली आहे, आणि एकूण लेपाची जाडी ३२० मायक्रॉन ठरविलेली आहे. लक्षावधी टनांची जहाजे बांधणाऱ्या कारखान्यांनाही कडेपाशी आणि सांध्यापाशी ब्रश हाती घ्यावा लागतो, याचे कारण साधे भौतिक आहे: ओला रंग धारदार कडेवरून आपल्याच ताणाने मागे सरकतो, आणि जेथे लेप सर्वांत जाड हवा नेमका तेथेच तो सर्वांत पातळ राहतो. फवाऱ्याचा कण खड्ड्याच्या तोंडावरून निघून जातो. ब्रशाचा केस खड्ड्यात उतरतो. आणि नौका म्हणजे बहुतांशी कडा आणि सांधेच. शिवाय मिरकरवाड्यासारख्या वाऱ्याच्या जागी फवारलेल्या रंगाचा मोठा हिस्सा शेजारच्या नौकेवर, जाळ्यांवर आणि माणसांच्या छातीत जातो, हेही विसरून चालणार नाही.

ब्रशाची ही गरज जमिनीवर चालणाऱ्या, घरी घडविलेल्या वाहनांच्या बाबतीतही खरी आहे. अमेरिकेत जुन्या मोटारींचे सांगाडे, त्यांतही १९३२ च्या फोर्ड गाडीचे, मिळवून घरच्या अंगणात त्यांवर वेगवान मोटारी उभारण्याचा जो ‘हॉट रॉड’ नावाचा छंद दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे फोफावला, त्यातले कित्येक कारागीर मोटारीचा सांगाडा आजही हाताने, ब्रशानेच रंगवितात. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जुळवून, किक मारून चालू होणारी छोटी चारचाकी घडविली आणि २०२१ च्या अखेरीस तिची वार्ता देशभर पसरली; पुढे महिंद्र कंपनीने ती गाडी घेऊन बदल्यात त्यांना बोलेरो दिली. कारखान्यात मोटारीचा सांगाडा रंगाच्या हौदात पूर्ण बुडवून विजेच्या साह्याने कानाकोपऱ्यात लेप चढवितात. घरी वाहन घडविणाऱ्याजवळ तो हौद नसतो, त्याच्याजवळ ब्रश, चिकाटी आणि कोठे गंज आधी धरेल याचे ज्ञान एवढेच असते. मिरकरवाड्याचा नाखवा याच ज्ञातीतला आहे. त्याची लाकडी नौका कोणत्याही कारखान्याच्या साच्यातून निघालेली नाही. ती सुताराच्या नजरेने घडलेली आहे, प्रत्येकीच्या वाकांचा घाट निराळा आहे, आणि म्हणून तिचा रंगही नजरेनेच दिला जातो. या कौशल्याला मागासलेपणाचे लक्षण मानणे हा अन्याय आहे.

मात्र कौशल्य कितीही असले तरी त्याला हवामानाशी तह करता येत नाही, आणि माझ्या तक्रारीचे मूळ येथे आहे. वर ज्या मानकाचा उल्लेख केला, त्यातच असेही म्हटले आहे की हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असताना, अथवा पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा ३ अंश सेल्सिअसहून कमी फरकाने वर असताना, रंग देऊ नये. आता रत्नागिरीचा जुलै डोळ्यांसमोर आणावा. जेथे पावसाळा ३,००० मिलिमीटरहून अधिक बरसतो, आणि जेथे जुलै हाच त्यातला सर्वांत ओला महिना, तेथे आर्द्रता ही मर्यादा दिवसचे दिवस ओलांडून राहते. शासनाने माशांच्या प्रजननासाठी मासेमारी बंद ठेवली ते योग्यच केले. पण त्याचा परिणाम असा झाला की नौका जमिनीवर असते तेव्हा रंगासाठी वर्षातले सर्वांत वाईट हवामान असते, आणि रंगासाठी उत्तम हवामान असते तेव्हा नौका समुद्रात असते. मग एप्रिल-मेमध्येच रंग का देऊन टाकू नये? कारण ते कमाईचे दिवस असतात, जमिनीवर काढलेला प्रत्येक दिवस बुडीत खाती जातो. आणि दुसरे कारण असे की तळरंगांच्या अनेक जाती दिल्यानंतर ठरावीक मुदतीत पाण्यात उतरल्या नाहीत तर त्यांचा गुण कमी होतो. तेव्हा बुडाचा शेवटचा हात नौका उतरण्याच्या जवळच द्यावा लागतो, म्हणजे जुलैच्या अखेरीस, म्हणजे भर पावसात.

परिणामी काय घडते? जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पावसाने दोन तास उघडीप दिली की साऱ्या बंदरात एकच धावपळ उडते. फळी पुरती सुकलेली नसते हे रंगाऱ्याला कळते, त्याच्या पंजाच्या पाठीला ते कळलेलेच असते, परंतु १ ऑगस्टला समोरची नौका समुद्रात गेली आणि आपली राहिली तर हंगामाच्या आरंभीचा भाव हातचा जाईल, हेही नाखव्याला कळत असते; आणि या दोन ज्ञानांच्या झगड्यात दुसरे जिंकते. ओल्या लाकडावर रंग चढतो. आतली ओल उन्हाने वाफ होऊन बाहेर येऊ पाहते, लेपाला फोड येतात, आणि नारळी पौर्णिमेला देखणी दिसणारी नौका दिवाळीच्या सुमारास बुडाशी सोलपटू लागते. मग ऐन हंगामात, उधाणाच्या भरतीला तिला वाळूवर चढवून, ओहोटीच्या थोड्या तासांत पुन्हा खरवडणे आणि पुन्हा रंगविणे हे दुष्टचक्र सुरू होते. रंगारी वाईट नव्हता, रंगही वाईट नव्हता. डोक्यावर छप्पर नव्हते.

शासनाचे रंगाकडे लक्ष नाही असे म्हणता येणार नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून तिच्यातून किनाऱ्याजवळ आले, तेव्हापासून नौकांच्या रंगाविषयी आणि क्रमांकाविषयी सरकारदरबारी मोठी दक्षता आली. राज्याराज्यांच्या नौकांना ठरावीक रंग नेमून देण्यात आले, आणि नोंदणीचा क्रमांक ठळक, दुरून वाचता येईल असा लिहिण्याचा दंडक आला. देशाच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यकच होते, आणि आपल्या खलाशांनी ते मानले. परंतु रंगाची तपासणी करणारा अधिकारी नौकेच्या बाजूला उभा राहून वरचा रंग पाहतो. त्याखालचा पहिला हात कसा बसला आहे हे पाहण्याचे काम कोणाच्याही कक्षेत येत नाही, वास्तविक वादळात सापडलेल्या खलाशाचे प्राण त्या पहिल्या हातावर अधिक अवलंबून असतात.

आरोग्याचा विषय याहून गंभीर आहे. लोखंडावर गंज धरू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जो शेंदूर तेलात कालवून लावीत आले, तो शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड; देवाच्या मूर्तीवर चढणारा परंपरागत शेंदूर आणि जहाजाच्या पोटाला लागणारा शेंदूर एकच. गंज रोखण्यात त्याची बरोबरी करणारी द्रव्ये थोडी होती, हे त्याच्या बाजूने कबूल केले पाहिजे. परंतु शिसे माणसाच्या मज्जासंस्थेला, विशेषतः बालकांच्या, कायमची इजा करते हे आता निर्विवाद आहे. केंद्र सरकारने २०१६ च्या नियमांनी रंगातील शिशावर दशलक्षांत ९० भाग अशी मर्यादा घातली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तिचा अंमल सुरू झाला. पण ती मर्यादा घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती आहे, औद्योगिक रंग तिच्या हद्दीबाहेर राहिले. घराच्या भिंतीसाठी जो विषारी म्हणून नाकारला, तो घटक नौका खरवडणाऱ्या मजुराच्या नाकातोंडात जाण्यास हरकत नाही, असा त्याचा व्यवहारात अर्थ होतो. कोरडा जुना रंग घासताना उडणारी धूळ श्वासात जाते, कपड्यांवरून घरी जाते, आणि उरलेली पहिल्या सरीबरोबर बंदराच्या पाण्यात उतरते, जेथून आपण कालवे आणि तिसऱ्या काढतो. बुडाच्या रंगांत पूर्वी वापरले जाणारे कथिलाचे एक सेंद्रिय संयुग समुद्रातील गोगलगायींच्या जननसंस्थेतच विकृती निर्माण करते असे आढळल्यावर २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून त्यावर बंदी आली. म्हणजे जगाने तळरंगाचा विचार गांभीर्याने केलेला आहे. तो विचार धक्क्यावरच्या डब्यापर्यंत, त्या डब्याशी उकिडव्या बसलेल्या माणसापर्यंत पोहोचविणारे कोणी हवे.

माझे मागणे मोठे नाही. २०२५ च्या जानेवारीत मिरकरवाडा बंदराच्या हद्दीतील अनधिकृत बांधकामे मोठ्या बंदोबस्तात हटविण्यात आली, आणि बंदराच्या विकासाच्या पुढील टप्प्याची कामे सरकारदरबारी चालू आहेत. मोकळ्या झालेल्या जागेचे आराखडे रंगविले जात असताना त्यात बर्फाचा कारखाना असेल, लिलावगृह असेल, जाळी विणण्याची शेड असेल. त्याच यादीत नौका आत घेता येईल इतक्या उंचीचे, बाजूंनी वारा खेळता राहील असे, पण पावसाची झड आत येऊ न देणारे एक रंगकामाचे छप्पर असावे, अशी माझी विनंती आहे. नौकेला कोरडी जागा देणे हे राज्यकर्त्याचे काम आहे ही कल्पना या किनाऱ्याला नवी नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराने खडकात कोरून काढलेली गोदी आजही पाहावयास मिळते, आणि भरतीला जहाज आत घेऊन, पाणी अडवून त्याचे बूड दुरुस्त करण्याची तजवीज ज्या सत्तेने केली, तिची तिजोरी आजच्या महाराष्ट्र शासनाइतकी भरलेली खचित नव्हती.

छपराखालची जमीन फरसबंद आणि एका बाजूला उतरती असावी, म्हणजे खरवडलेला रंग व धुण्याचे पाणी एका टाकीत जमेल आणि बंदरात जाणार नाही. भिंतीवर आर्द्रता आणि तापमान दाखविणारे एक साधे यंत्र टांगलेले असावे. पंजाच्या पाठीचे ज्ञान त्याने रद्द होत नाही, नाखव्याशी हुज्जत घालताना रंगाऱ्याच्या हाती एक आकडा येतो. रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, कोचीला १९५७ पासून केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आहे आणि नौकेच्या लाकडाचे रक्षण हा तिच्या अभ्यासाचा जुना विषय आहे. या दोहोंच्या साह्याने रंगाऱ्यांसाठी मे महिन्यात चार दिवसांचा वर्ग भरविणे अवघड नाही, मात्र त्या वर्गात शिकविणाऱ्यांबरोबर बंदरातल्या दोन वृद्ध रंगाऱ्यांनाही मानधन देऊन बसवावे, कारण झिजलेला ब्रश का राखून ठेवावयाचा हे पुस्तकात सापडणार नाही. आणि शिशाची मर्यादा नौकांच्या रंगांनाही लागू करावी, असा ठराव मच्छीमार सोसायट्यांनी स्वतः करून केंद्राकडे धाडावा.

खर्चाचा आक्षेप येईल, तो रास्त आहे. त्यासाठी छप्पर फुकट असू नये. नौकेच्या लांबीप्रमाणे दिवसाचे भाडे ठरवावे, वसुली आणि पाळी लावण्याचे काम सोसायट्यांकडे सोपवावे, आणि लहान होडीवाल्याची पाळी मोठ्या पर्ससीनवाल्यामागे ढकलली जाणार नाही अशी अट मंजुरीच्या कागदातच घालावी. उरलेल्या दहा महिन्यांत तीच जागा हंगामातल्या तातडीच्या दुरुस्त्यांना उपयोगी पडेल. येत्या अर्थसंकल्पात याची तरतूद झाली, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी किमान खांब उभे राहू शकतील. जिल्ह्याचे लोकप्रतिनिधी आणि मत्स्यव्यवसाय खाते यांनी त्यासाठी मे उजाडण्याची वाट पाहू नये.